लीफ्सची वाट नक्की कुठल्या जनरल मॅनेजरने लावली?

ब्रॅम्प्टनचा_बाळ्या

मंडळी, हा धागा भांडणातून निघालाय हे आधीच सांगून टाकतो. गेल्या शनिवारी आमच्याकडे चार मराठी घरं जमली होती, मिसळ संपेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललेलं, मग कोणीतरी टीव्ही लावला आणि टोरोंटो मेपल लीफ्स ह्या आइस हॉकी टीमचा विषय निघाला. पुढचे दोन तास गुलाबजामला कोणी हात लावला नाही.

तर मुद्दा असा. ह्या टीमच्या नावावर १३ स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल लीगमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, आहेत आणि शेवटचा १९६७ चा. तेव्हा माझे बाबा शाळेत होते, आता ते आजोबा आहेत. खेळाडू येतात जातात, कोच तर ऋतूसारखे बदलतात, पण टीम बांधतो तो जनरल मॅनेजर, म्हणून शिव्या खायच्या तर त्यानेच.

माझं मत पक्कं आहे, फ्लॉइड स्मिथ. ऑक्टोबर १९८९ मध्ये ह्या माणसाने न्यू जर्सीकडून टॉम कर्व्हर्स नावाचा डिफेन्समन घेतला आणि बदल्यात १९९१ च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली. पुढे लीफ्स इतके वाईट खेळले की ती निवड तिसऱ्या नंबरची निघाली आणि न्यू जर्सीने तिच्यावर स्कॉट नीडरमायर उचलला. नीडरमायरने पुढे चार कप जिंकले. कर्व्हर्स तोवर, म्हणजे ड्राफ्ट व्हायच्याही आधी, लीफ्समधून व्हॅन्कुव्हरला रवाना झालेला होता. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं!

तुमचं काय म्हणणं? कोणाला धरायचं?

पेठेतला_पाहुणा

आधी एक बेसिक शंका. जनरल मॅनेजर म्हणजे आमच्या बँकेत असतात तसे का, केबिनमध्ये बसून सह्या करणारे? हॉकी म्हटल्यावर मला ध्यानचंद आठवतात आणि बर्फावरची हॉकी मी फक्त लडाखच्या व्हिडिओत पाहिली आहे.

मिसिसागाकर

पाहुणे, आयपीएलच्या लिलावात टेबलाशी बसून पॅडल वर करणारा माणूस डोळ्यासमोर आणा, फक्त तो बारा महिने चोवीस तास लिलावातच बसलाय असं समजा. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कोच कोण, सगळं तो ठरवतो. दरवर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचा ड्राफ्ट असतो, तिथे साधारणपणे तळातल्या टीमला आधी निवडायला मिळतं, आणि ती निवड आगाऊ विकताही येते. मजा तिथेच आहे, कारण तुम्ही पुढच्या वर्षीची निवड विकता तेव्हा पुढच्या वर्षी आपण किती वाईट खेळणार हे तुम्हाला माहीत नसतं. न पेरलेल्या शेतातलं पीक विकल्यासारखं. कर्व्हर्सच्या वेळी नेमकं तेच झालं.

शिवाय २००५ पासून पगारावर मर्यादा आहे, आयपीएलच्या पर्ससारखीच. पहिल्या वर्षी ती ३.९ कोटी डॉलर होती. त्याआधी टोरोंटोला पैशाच्या जोरावर काहीही करता यायचं. तेव्हाही कप आला नाही ती गोष्ट वेगळी.

नाना_हॅमिल्टन

बाळ्या, धागा चांगला काढलास, पण १९८९ पासून सुरुवात म्हणजे रामायण लंकेपासून सांगण्यासारखं झालं. मी १९७३ साली इकडे आलो, त्यामुळे जुनं बरंचसं मला कारखान्यातल्या सहकाऱ्यांकडून कळलं. डब्याच्या सुट्टीत ते दुसऱ्या कशावर बोलायचेच नाहीत.

सुरुवात कॉन स्माइथ ह्या गृहस्थापासून. ह्यांना १९२६ साली न्यूयॉर्क रेंजर्सने टीम बांधायला नेमलं, त्यांनी बांधली, आणि पहिला सामना व्हायच्या आत रेंजर्सने त्यांना काढलं. त्यांनी जमवलेल्या त्या टीमने १९२८ साली कप जिंकला. तोवर स्माइथ यांनी टोरोंटोत माणसं गोळा करून सेंट पॅट्रिक्स नावाची टीम १,६०,००० डॉलरना घेतली होती. फिलाडेल्फियाहून जास्त रकमेची बोली होती, पण टीम गावातच राहावी ह्या मुद्द्यावर त्यांनी सौदा जमवला, आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये नाव बदललं. ते आपले मेपल लीफ्स.

मग १९३० मध्ये ओटावाकडून किंग क्लॅन्सी हा खेळाडू हवा होता, किंमत ३५,००० डॉलर आणि वर दोन खेळाडू. एवढे पैसे देण्याची टीमची ऐपत नव्हती. स्माइथ यांची एक घोडी होती, रेअर ज्युएल, जिच्यावर कोणी फुटका पैसा लावत नव्हतं. ती शर्यत जिंकली, त्यांनी तिच्यावर पैज लावलेली होती, ते पैसे क्लॅन्सीच्या सौद्यात घातले. आजच्या जनरल मॅनेजरने असं केलं तर पोलीस येतील.

आणि मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम! १९३१ साल, मंदीने सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं, आणि हे साडेपाच महिन्यांत उभं राहिलं. पैसे कमी पडले तेव्हा कामगारांनी पगाराचा काही भाग शेअर्समध्ये घ्यावा असं ठरलं. ते युनियनच्या गळी उतरवलं फ्रँक सेल्की यांनी, स्माइथ यांचे उजवे हात, स्वतः मूळचे इलेक्ट्रिशियन आणि युनियनवाले. १२ नोव्हेंबरला पहिला सामना झाला, शिकागोकडून २-१ ने हरले. पण त्याच हंगामात, १९३२ ला, कप घरी.

सेल्की हे नाव लक्षात ठेवा. पुढचं उद्या लिहितो, डोळे दुखतात.

चिमणराव_थर्ड

हरले ना पहिल्याच दिवशी? वास्तुशांत केली नसणार.

स्कारबरोची_सून

नाना, घोडीचा किस्सा वाचून सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले माहितीये, पण ती शर्यतीतली घोडी होती, हल्लीचे मॅनेजर वरातीमागून घोडं आणतात.

मी धाग्यावर पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

मिसिसागाकर

नाना झोपलेत तोवर सेल्कींचं मी सांगतो, मला हा भाग फार आवडतो.

दुसऱ्या महायुद्धात स्माइथ युद्धावर गेले, वयाची पन्नाशी जवळ आलेली तरी. मागे कारभार सेल्कींकडे. १९४३ मध्ये सेल्कींनी साहेबांना न विचारता फ्रँक एडल्स नावाचा तरुण मॉन्ट्रियलला दिला आणि बदल्यात सतरा वर्षांच्या टेड केनेडीचे हक्क घेतले. स्माइथ खवळले. का? तर एडल्स हवाई दलात भरती झालेला, सैनिकाला परस्पर विकलं म्हणून, आणि शिवाय मला न विचारता केलं म्हणून. आता केनेडीने काय केलं बघा, लीफ्ससाठी पाच कप, कॅप्टन झाला, अनेक जुने लोक आजही त्याला सर्वांत मोठा लीफ मानतात. म्हणजे सौदा सोन्यासारखा, पण राग गेला नाही तो नाहीच. शेवटी १९४६ मध्ये सेल्कींनी राजीनामा दिला आणि कुठे गेले? मॉन्ट्रियलला! जनरल मॅनेजर म्हणून! तिथे त्यांनी सहा कप जिंकले, त्यातले १९५६ ते १९६० लागोपाठ पाच.

त्यामुळे बाळ्या, माझं उत्तर फ्लॉइड स्मिथ नाही. कितीही थोर असले तरी पहिला घोटाळा कॉन स्माइथ यांचा. घरातला शहाणा माणूस अहंकारापायी शेजाऱ्याला आंदण दिला.

ब्रॅम्प्टनचा_बाळ्या

अहो पण त्यानंतरही १९४७, ४८, ४९, ५१ असे चार कप आले की स्माइथच्याच राज्यात. ज्याच्या नावावर सात कप आहेत त्याला दोषी कसं धरता? हे म्हणजे गावसकरची सरासरी का कमी म्हणून विचारण्यासारखं आहे.

मिसिसागाकर

कप आले ते सेल्कींनी लावलेल्या झाडाचे आंबे होते. असो, माझं मत.

नाना_हॅमिल्टन

सकाळी चहा घेत वाचलं. दोघेही थोडे बरोबर. मधले काही लवकर उरकतो. स्माइथनंतर हॅप डे, मग १९५७ ला हाउई मीकर, ज्यांना हंगाम सुरू व्हायच्या आधीच नारळ मिळाला. आणि १९५८ च्या नोव्हेंबरात पंच इम्लाक.

बाळ्या, तुला कोणी वाट लावली विचारायचंय ना, तर ज्याने सगळ्यात जास्त दिलं त्याच माणसाने सगळ्यात जास्त घेतलं. इम्लाक आले तेव्हा टीम तळाला होती. त्यांनी कोचला काढलं आणि स्वतःच कोच झाले. त्या हंगामात शेवटच्या रात्री एका पॉइंटने रेंजर्सना मागे टाकून प्लेऑफमध्ये घुसले आणि थेट फायनलपर्यंत गेले. मग १९६२, ६३, ६४ आणि ६७ ला कप. इम्लाकना म्हातारे खेळाडू आवडायचे. ६७ च्या टीममध्ये गोली, म्हणजे गोलकीपर, जॉनी बॉवर बेचाळीसचे, अ‍ॅलन स्टॅन्ली एक्केचाळीसचे. शेवटच्या मिनिटात मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होसमोर फेसऑफला, म्हणजे दोघांमध्ये पक (रबरी चकती) टाकून खेळ सुरू करतात तेव्हा, इम्लाकनी ह्या स्टॅन्लीला उभं केलं, जो डिफेन्समन होता! तो फेसऑफ जिंकला, आर्मस्ट्राँगने रिकाम्या गोलात पक टाकला, ३-१, खेळ खलास.

पण माणूस कडक. फ्रँक माहोव्हलिच सारखा खेळाडू, ज्याच्यासाठी १९६२ मध्ये शिकागोच्या मालकाने दहा लाख डॉलर देऊ केले होते, त्याचं नाव हे गृहस्थ वर्षानुवर्षं चुकीचंच उच्चारायचे. पोरगा मानसिक ताणाने दवाखान्यात गेला. आणि ६७ च्या हंगामात टीम सलग दहा सामने हरली तेव्हा इम्लाक स्वतः आजारी पडले, दहा सामने किंग क्लॅन्सींनी सांभाळले, हो तेच घोडीवाले, आणि त्या दहापैकी फक्त एक हरले. ह्यातून काय ते समजा.

चिमणराव_थर्ड

म्हणजे साहेब सुट्टीवर गेले की ऑफिसचं काम वाढतं हे कॅनडातही सिद्ध झालेलं आहे.

पेठेतला_पाहुणा

नाना, तुम्ही लिहा हो. मला खेळ कळत नाही पण माणसं कळतायत.

नाना_हॅमिल्टन

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

मी आलो तेव्हा जनरल मॅनेजर जिम ग्रेगरी. सभ्य माणूस. १९७३ ला त्यांनी स्वीडनहून बॉर्या साल्मिंगला आणलं. गंमत म्हणजे खेळाडू हेरणारा स्काउट गेला होता दुसराच एक गोली बघायला आणि हा नजरेत भरला. तेव्हा युरोपियन पोरं मऊ असतात, मार सहन करत नाहीत असं इथले लोक सर्रास बोलायचे. आमच्या खोलीवर काळा-पांढरा टीव्ही होता, पक काही दिसायचा नाही, माणसं ज्या दिशेला पळतात तिकडे बघायचं, पण एकवीस नंबर पकच्या आडवा पडतोय एवढं दिसायचं. मी नवा, भाषा अडखळत, फोरमन माझं नाव उच्चारायचा कंटाळा करून मला 'जॉनी' म्हणायचा. तो स्वीडिश पोरगा सगळ्यांचा मार खाऊन परत उठतो हे बघायला मी शनिवारची वाट बघायचो. फार बोललो, असो.

मालक होते हॅरॉल्ड बॅलर्ड. १९७२ मध्ये फसवणूक आणि चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेले. लीगने सांगितलं जर्सीवर खेळाडूंची नावं लावा, तर ह्यांना वाटलं मग कार्यक्रमपत्रिका कोण विकत घेणार, म्हणून निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरात नावं लावली! ग्रेगरींना १९७९ मध्ये काढलं, आणि काढलं हे त्यांना सांगितलंच नाही. लीगच्या ऑफिसातून त्यांना दुसऱ्या नोकरीची विचारणा करायला फोन आला तेव्हा त्यांना कळलं की आपली नोकरी गेली.

आणि जागी कोणाला आणलं? पुन्हा इम्लाक!

कॅप्टन डॅरिल सिटलर आणि इम्लाक यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. सिटलरच्या करारात त्याला दुसरीकडे विकता येणार नाही अशी अट होती. मग त्याला दुखवायचं कसं? तर त्याचा जिवलग मित्र लॅनी मॅकडॉनल्ड, तो झुपकेदार मिशांचा, त्याला डिसेंबर १९७९ मध्ये कोलोरॅडोला पाठवून दिला. पुढच्या सामन्याला सिटलरने जर्सीवरचं कॅप्टनचं 'सी' काढून टाकलं. गार्डन्सच्या बाहेर लोक पाट्या घेऊन उभे. आमच्या शिफ्टला एक पोलिश मेकॅनिक होता, त्याने लीफ्सचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि डिसेंबर संपायला दोन दिवस आहेत म्हणून परत लावलं.

ब्रॅम्प्टनचा_बाळ्या

नाना _/\_ दंडवत.

हिमालयाची_सावली_नाही

एक भर. इम्लाक मधल्या काळात बफेलोला होते तेव्हा १९७४ च्या ड्राफ्टमध्ये कंटाळून त्यांनी अस्तित्वातच नसलेला जपानी खेळाडू निवडला होता, तारो त्सुजिमोतो, टीमचं नाव टोकियो कटानाज. लीगने ती निवड रीतसर नोंदवली आणि नंतर रद्द केली. तेव्हा माणूस नुसता खडूस नव्हता.

शिवाय त्यांचा शेवटही केविलवाणा झाला. १९८१ मध्ये हार्ट अटॅक आला, बरे होऊन परत आले तर गार्डन्समधली त्यांची गाडी लावायची जागा दुसऱ्याला दिलेली होती, असं सांगतात. अधिकृतपणे काढल्याचं कोणी कधी म्हटलंच नाही.

चिमणराव_थर्ड

आमच्या सोसायटीत ह्याहून कमी कारणावर कोर्टात गेलेत लोक. पार्किंग म्हणजे पार्किंग.

स्कारबरोची_सून

म्हणजे खरा दोषी बॅलर्ड निघतोय की! मुनीम बदलून काय होतं, पेढीचा मालक तसा असेल तर? त्याने १९८८ ला गॉर्ड स्टेलिकला जनरल मॅनेजर केलं, वय वर्षं तीस, तोवरच्या लीगच्या इतिहासातला सगळ्यात तरुण. वर्षभरात तो गेला, मग बाळ्याचे लाडके फ्लॉइड स्मिथ.

अवांतर: आमचा थोरला दोन वर्षं झाली हॉकी खेळतोय. कोणी मला सांगितलं नव्हतं की पहाटे सहाला बर्फ मिळतो म्हणजे पाचला उठायचं, आणि ती बॅग! गाडीत ठेवली तर सुक्या बोंबिलाचा वास बरा म्हणायची वेळ येते. सासरे शनिवारी पंजाबी कॉमेंट्री लावतात, इंग्रजी असताना सुद्धा. त्यांना पंजाबी येत नाही पण म्हणतात गोल झाल्याचा आनंद ह्याच भाषेत कळतो. ती कॉमेंट्री २००८ पासून चालू आहे, आमचं लग्न त्याच वर्षीचं, त्यामुळे आमच्या घरात तारीख विसरत नाही कोणी.

मिसिसागाकर

बोंबिलाचा अपमान सहन केला जाणार नाही.

ठाण्याचा_टोरोंटोकर

सगळे क्लिफ फ्लेचरना विसरताय. बॅलर्ड १९९० ला गेले, १९९१ ला फ्लेचर आले आणि टीमला पहिल्यांदा माणसांत आणलं. २ जानेवारी १९९२ चा कॅलगरीबरोबरचा सौदा, दहा खेळाडूंचा, लीगमधला सगळ्यात मोठा. पाच गेले, पाच आले, आणि आलेल्यांत डग गिल्मोर. समोरचा मॅनेजर म्हणजे फ्लेचरचाच जुना चेला, गुरूने शिष्याला धुतला! पुढच्या हंगामात गिल्मोरचे १२७ पॉइंट, म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत धरून. १९९३ ला सातपैकी चार सामने जिंकायच्या सिरीजमध्ये फायनलपासून एक सामना लांब राहिलो. त्या सिरीजच्या सहाव्या सामन्यात लॉस एंजेलिसच्या ग्रेट्झकीची काठी गिल्मोरच्या हनुवटीला लागून रक्त आलं, रेफ्रीने काही दिलं नाही, आणि थोड्या वेळात त्याच ग्रेट्झकीने गोल करून सामना संपवला. त्या रेफ्रीचं नाव इथे घेत नाही, मॉडरेटर प्रतिसाद उडवतील.

मग १९९४ ला सुंदीन पण त्यांनीच आणला.

हिमालयाची_सावली_नाही

फ्लेचर छान, पण ड्राफ्टची त्यांना इतकी तुच्छता होती की १९९६ ला वेंडेल क्लार्कला परत आणायला पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड न्यूयॉर्क आयलंडर्सना देऊन बसले. त्या निवडीवर कोण गेला? रॉबर्टो लुओंगो. म्हणजे कर्व्हर्सचीच री.

आणि गोलींचा विषय निघालाच आहे तर जून २००६. जॉन फर्ग्युसन ज्युनियर यांनी टूका रास्क बॉस्टनला दिला, अँड्र्यू रेक्रॉफ्ट घेतला. रास्क पुढे लीगचा सर्वोत्तम गोली ठरला. तेल गेलं, तूप गेलं, हाती रेक्रॉफ्ट आलं.

ठाण्याचा_टोरोंटोकर

:D शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

कोथरूड_टू_किचनर

मी २०१० ला आलो त्यामुळे माझ्या शिव्या ब्रायन बर्कसाठी राखीव. फिल केसलसाठी बॉस्टनला दोन पहिल्या फेरीच्या आणि एक दुसऱ्या फेरीची निवड, त्यातून टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन गेले. २०११ ला बॉस्टनने कप जिंकला, सेगिन त्यात. २०१३ ला बर्कना काढून डेव्ह नोनिस आले आणि मे महिन्यात सातव्या सामन्यात त्याच बॉस्टनविरुद्ध तिसऱ्या पीरियडमध्ये ४-१ पुढे होतो. चार-एक! मी मित्राच्या बेसमेंटमध्ये होतो, त्याची आई वरून विचारायला आली की जिंकलात का, पोळ्या टाकू का. तिला हो म्हणालो. ती पोळ्या लाटून खाली आली तेव्हा ओव्हरटाइम पण संपला होता. ४-५. त्या पोळ्या कोणी खाल्ल्या नाहीत, मला आजही तूप लावलेल्या गार पोळीचा वास आला की बॉस्टन आठवतं.

त्यात नोनिसनी त्याच उन्हाळ्यात डेव्हिड क्लार्कसनला सात वर्षं ३.६७५ कोटी डॉलर दिले. दीड वर्षात तो करार इतका जड झाला की तो गळ्यातून काढायला कोलंबसकडून पाठीच्या दुखण्याने पुन्हा कधीच न खेळू शकलेला नेथन हॉर्टन घेतला. जखमी माणूस बरा, कारण त्याचा पगार मर्यादेतून बाजूला काढता येतो! अकाउंटिंगवाल्यांनी अभ्यास करावा.

डेटाभक्त

काइल डुबसबद्दल कोणी बोलत नाही म्हणजे मलाच बोलावं लागणार. २०१८ ला बत्तिसाव्या वर्षी जनरल मॅनेजर. टावारेसला सात वर्षं ७.७ कोटी, मग नीलँडर, मॅथ्यूज, मार्नर. चौघांत पगाराच्या मर्यादेचा निम्म्याच्या आसपास भाग गेला ही चूक म्हणता, पण कोविड येऊन मर्यादा ८.१५ कोटीवर गोठून बसेल हे कोणाला माहीत होतं? ती वाढतच जाणार ह्या हिशोबाने सगळं मांडलेलं. आणि २००४ नंतर पहिली सिरीज जिंकली ती २०२३ ला, त्याच्याच टीमने, टॅम्पाविरुद्ध. बक्षीस म्हणून तीन आठवड्यांत घरी पाठवला.

कोथरूड_टू_किचनर

डेटाभक्त, तुमचा एक्सेलवाला मॅनेजर २०२१ ला मॉन्ट्रियलविरुद्ध सिरीजमध्ये ३-१ पुढे असून हरला ते कुठल्या सेलमध्ये लिहिलंय? आणि २०२० ला एका बेचाळीस वर्षांच्या हौशी गोलीने, जो बर्फ साफ करायची मशीन चालवायचा, तुमच्या करोडो डॉलरच्या पोरांना हरवलं ते?

डेटाभक्त

आमच्या जखमेवर मीठ नको. डेव्हिड एअर्सचं नाव काढलं की मी लॉगआऊट करतो.

ब्रॅम्प्टनचा_बाळ्या

आता परत मूळ प्रश्नाकडे, कारण नानांचा मॅकडॉनल्ड वाचून रात्री काहीतरी डोक्यात आलं, अंथरुणातून उठून लिहून काढलं.

मॅकडॉनल्डला आपण हाकलला. त्याने कप जिंकला १९८९ ला, कॅलगरीत. तेव्हा कॅलगरीचा जनरल मॅनेजर कोण? क्लिफ फ्लेचर. आपण १९९१ ला त्यांना आणलं.

नीडरमायर आपल्या हातून गेला. त्याने तीन कप जिंकले न्यू जर्सीत, मॅनेजर लू लॅमोरिएलो. कर्व्हर्सचा सौदा समोरून करणारे हेच. २०१५ ला त्यांना आपण जनरल मॅनेजर केलं. नीडरमायरचा चौथा कप २००७ ला अ‍ॅनाहाइममध्ये, मॅनेजर ब्रायन बर्क. त्यांनाही आपण २००८ ला आणलं.

१९७८ आणि १९७९ ला लागोपाठ आपल्याला घरी पाठवणाऱ्या मॉन्ट्रियलचा गोली केन ड्रायडन. १९९७ ला त्याला अध्यक्ष केलं, वर जनरल मॅनेजरची खुर्चीही दिली.

म्हणजे ज्याने आपलं घर लुटलं त्यालाच बोलावून किल्ल्या द्यायच्या, आणि त्याने इथे येऊन काहीच जिंकायचं नाही! फ्लेचर, बर्क, लॅमोरिएलो, तिघेही कप जिंकून आलेले मॅनेजर. तिघेही इथून हात हलवत गेले. फ्लॉइड स्मिथला मी जरा जास्तच बोललो बहुतेक.

मिसिसागाकर

आणि उलटी बाजू, ज्याला आपण घालवला तो सेल्की मॉन्ट्रियलला जाऊन सहा कप. बाळ्या, तुझा धागा आता माझ्या बाजूला आलाय, कबूल कर.

ठाण्याचा_टोरोंटोकर

कारण सरळ आहे हो. टीम हरो जिंको, तिकिटं विकली जातात. लीगमधल्या सगळ्यात महागड्या टीम्सपैकी एक. दुकान चालतंय तर दुकानदार भाव कशाला सुधारेल? मॅनेजर बदलणं ही गिऱ्हाइकाची समजूत काढायची पद्धत.

डेटाभक्त

हे अर्धंच खरं. २०१४ नंतर पोरं निवडली, वाढवली, घाईने विकली नाहीत. नशीब नव्हतं एवढंच. २०२३ ला ब्रॅड ट्रेलिव्हिंग आले, २०२५ ला पुन्हा सातवा सामना, पुन्हा हार, आणि मार्नर व्हेगासला. दैव देतं आणि सातवा सामना नेतो.

नाना_हॅमिल्टन

बाळ्या, साखळी छान जुळवलीस. कर्व्हर्सबद्दल मात्र एक सांगतो. त्याने लीफ्ससाठी त्या पहिल्या हंगामात पन्नासच्या वर पॉइंट केले होते, डिफेन्समनला हे फार चांगले. त्याची चूक इतकीच की त्याच्या बदल्यात कोण गेला. माणसाची किंमत त्याच्या बदल्यात गेलेल्यावरून करायची हे मला कधी पटलं नाही. आमच्या कारखान्यात मला एका आयरिश माणसाच्या जागी घेतलं होतं, तो फार चांगला फिटर होता म्हणे, मला दोन वर्षं रोज ऐकावं लागलं.

कोणाला धरायचं हे विचारलंस तर माझ्याकडे उत्तर नाही. चांगला कोण होता विचारलंस तर जिम ग्रेगरी. एकही कप नाही. पण साल्मिंग आणला.

स्कारबरोची_सून

नानांच्या ह्या प्रतिसादाला +१००.

पेठेतला_पाहुणा

वाखु (वाचनखूण) साठवली. रविवारी मी एकवीस नंबरचे जुने व्हिडिओ बघत बसलो, बायको म्हणाली हे काय नवीन. आता मला एकच सांगा, सामने लाइव्ह बघायचे तर पुण्यात किती वाजता असतात?

ब्रॅम्प्टनचा_बाळ्या

इथे हिवाळ्यात संध्याकाळी सातला, म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेपाचला.

चिमणराव_थर्ड

पाहुणे, नीट विचार करा. लीफ्स हरल्यावर आम्ही निदान झोपून जातो. तुमचा अख्खा दिवस पुढे असणार.